"अजून अंगावर पाजतेस?" हा प्रश्न विचारण्याआधी

रविवारची वंदना झाली होती आणि विहारात प्रवचन सुरू होते. मागच्या सतरंजीवर बसलेल्या एका ताईच्या मांडीवरचा अडीच वर्षांचा मुलगा किरकिर करू लागला, तिचा पदर ओढू लागला. तिने इकडे तिकडे पाहिले, त्याला उचलले आणि बाहेर जाऊन चपला काढतात त्या पायऱ्यांवर बसली. थोड्या वेळाने एक वयस्कर मावशी तिच्या मागे गेल्या. "अगं, बालवाडीत जायचं वय झालं त्याचं. अजून अंगावर पाजतेस?" ताई काही बोलली नाही. बाहेर ऊन होते. प्रवचन संपेपर्यंत ती पायरीवरच बसून होती.

हा प्रसंग आमच्या डोळ्यांसमोर घडला. आमच्यापैकी कोणीही उठून तिला आत बोलावले नाही. आम्ही तरुण मंडळी, समतेवर भाषणे करणारी, नजर चुकवून बसलो. ही गोष्ट नंतर आम्हाला टोचत राहिली. म्हणून आम्ही ओळखीच्या घरांत, बचत गटात, विहारात येणाऱ्या महिलांशी या विषयावर बोलायला लागलो. हे काही सर्वेक्षण नाही. पण जे ऐकले त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. मूल वर्षाचे होईपर्यंत आईच्या दुधाचे सगळेच गोडवे गातात. वर्ष उलटले की तेच दूध अचानक लाजिरवाणे ठरते आणि आई एकटी पडते.

या लेखात आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. वर्षानंतरच्या दुधाबद्दल विज्ञान काय सांगते, आपली धम्मपरंपरा आणि बाबासाहेबांचे काम या बाबतीत आपल्याला काय शिकवते, आणि कार्यकर्ते म्हणून आपण काय करू शकतो.

आयांनी काय सांगितले

खाजगी कार्यालयात काम करणाऱ्या एका ताईचे मूल बावीस महिन्यांचे आहे. ती सहा महिन्यांची रजा संपवून कामावर गेली, तेव्हापासून फक्त संध्याकाळी आणि रात्री पाजते. "घरात पाऊल टाकलं की तो धावत येतो. खांद्यावरची पर्ससुद्धा काढू देत नाही. दिवसभर मी नव्हते, त्याची भरपाई आम्ही दोघं त्या वीस मिनिटांत करतो," असे ती म्हणाली. घरचे मात्र म्हणतात, सवय लावून ठेवलीस.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या एका ताईचे उत्तर सर्वात सरळ होते. तिचे मूल दीड वर्षाचे असताना फडाच्या कडेला, बैलगाडीच्या सावलीत झोळीत झोपायचे. "तिथं दुसरं काय देणार? दूध विकत घ्यायला पैसे नाहीत, पाणी धड नाही. अंगावरचं दूध उकळावं तरी लागत नाही." मोठ्या आरोग्य संस्था जे पानेच्या पाने लिहून सांगतात, ते तिने एका वाक्यात सांगितले.

एकीला अकराव्या महिन्यात एका डॉक्टरांनी सांगितले होते की आता दुधात काही उरले नाही, पाण्यासारखे झाले आहे, पावडर सुरू करा. तिने ऐकले. महिन्याच्या किराणा खर्चात डब्याची भर पडली. दुसरीने नातेवाइकांच्या सांगण्यावरून दोन वर्षांच्या मुलीला दूध तोडण्यासाठी आठ दिवस आजोळी पाठवले. मुलगी रात्ररात्र रडली आणि इकडे आईच्या छातीत गाठी होऊन ताप भरला.

पाचव्या ताईची गोष्ट वेगळी होती. ती थकली होती, तिला दीड वर्षानंतर थांबायचे होते. पण मुलगा आहे, त्याला भरपूर पाजलेच पाहिजे, असा सासरी आग्रह होता. तिच्या मोठ्या मुलीच्या वेळी मात्र नऊ महिन्यांतच दूध तोडायला लावले होते. "का, ते कळलं ना तुम्हाला?" तिने विचारले. पुढचा पाळणा लवकर हलावा म्हणून.

तिचा अनुभव एकटीचा नाही. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून २०११ मध्ये दाखवून दिले की आपल्याकडे मुलींना मुलांपेक्षा कमी काळ अंगावर पाजले जाते. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे मुलगा व्हावा म्हणून पुढच्या गरोदरपणाची घाई. पाजत राहिले तर पाळी यायला आणि पुन्हा दिवस राहायला उशीर होऊ शकतो. त्यामुळे मुलगी असेल तर तिचे दूध लवकर तुटते. म्हणजे आईने किती काळ पाजावे हा प्रश्न आईच्या कुशीत सुटत नाही. तो सासरच्या ओसरीवर, मालकाच्या हजेरीपटावर आणि मुलाच्या हव्यासावर ठरतो.

वर्षानंतर दूध पाणी होते का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे: जन्मानंतर पहिल्या तासात पाजायला सुरुवात करावी, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, सहा महिने पूर्ण झाले की वरचे पातळ-घट्ट अन्न सुरू करावे आणि सोबत आईचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. 'त्यापुढेही' हे शब्द त्या शिफारशीतच आहेत. वरची मर्यादा घातलेली नाही. भारत सरकारचे धोरणही हेच आहे. अंगणवाडीताई आणि आशाताईंना प्रशिक्षणात हेच शिकवले जाते.

सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते. वर्ष ते दोन वर्षे या काळात सुमारे एक तृतीयांश. दुधातली स्निग्धता, अ जीवनसत्त्व आणि रोगाशी लढणारे घटक वर्षानंतरही असतात. जुलाब-तापात मूल जेवण नाकारते तेव्हा अनेकदा आईचे दूध मात्र घेते. अशा वेळी तेच त्याला पाणी आणि ताकद पुरवते. आपल्या वस्त्यांमध्ये पावसाळ्यात जुलाबाची साथ येते तेव्हा याचे मोल काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

यात आईचाही फायदा आहे. तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला गेला. स्त्रीने आयुष्यात एकूण जितके महिने पाजले, त्यातील दर १२ महिन्यांमागे तिला स्तनाचा कर्करोग होण्याची जोखीम ४.३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे दुसऱ्या वर्षीचे दूधही या हिशेबात मोजले जाते.

पण अर्धे सत्य सांगून चालणार नाही. सहा महिन्यांनंतर नुसते आईचे दूध पुरत नाही, विशेषतः लोह कमी पडते. दीड वर्षाचे मूल जेवायला तोंड फिरवते आणि दिवसभर अंगावरच असते, अशी स्थिती असेल तर त्याचे वजन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आधी जेवण आणि मग दूध असा क्रम लावून पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी फक्त ११ टक्क्यांच्या आसपास मुलांना पुरेसा आहार मिळतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. हा दोष आईच्या दुधाचा नाही, ताटातल्या रिकाम्या जागेचा आहे. डाळ, अंडे, हिरवी भाजी, मासळी, शेंगदाणे यांच्या जोडीला आईचे दूध हवे, त्यांच्या ऐवजी नाही.

नेहमीचे काही गैरसमज

*मूल आईला चिकटून राहते, धीट होत नाही.* ज्या मुलाला हाक मारली की जवळ घेणारे कोणी आहे याची खात्री असते, ते मूल दूर जाऊन खेळायला घाबरत नाही. बालवाडीत पहिल्या दिवशी रडणारी मुले दूध लवकर तुटलेल्या घरांतलीही असतात.

*पाजत असेपर्यंत दिवस राहत नाहीत.* यावर विसंबून अनेक जणी फसल्या आहेत. ही नैसर्गिक आड फक्त तीन अटी एकत्र असतील तरच भरवशाची असते: बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, ते रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असावे आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. एकही अट मोडली तर गर्भनिरोधनाचे दुसरे साधन हवे.

*दिवस राहिले की लगेच दूध तोडावे.* गरोदरपण सुरळीत असेल तर बहुतेक जणी पाजत राहू शकतात. आधी गर्भपात झाला असेल, रक्तस्राव किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावे. गरोदर आईचा आहार मात्र वाढलाच पाहिजे.

*आई औषध घेत असेल तर दूध विषारी होते.* बहुतेक नेहमीची औषधे चालतात, काही चालत नाहीत. म्हणून औषध लिहून घेतानाच "मी पाजते" असे सांगावे, स्वतःच्या मनाने ना दूध थांबवावे ना औषध. एचआयव्ही असलेल्या मातांनी एआरटी केंद्राचा सल्ला घ्यावा.

*दात किडतात.* दात आल्यावर दोन वेळा ते साफ करणे आणि बिस्किटे-गोळ्या कमी करणे हे अंगावर पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या दोन्ही मुलांसाठी गरजेचे आहे.

महाप्रजापतीचे दूध

आपल्या परंपरेत हा विषय परका नाही. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सात दिवसांनी महामाया गेल्या. त्यांच्या बहिणीने, महाप्रजापती गोतमीने, बाळाला स्वतःच्या अंगावर पाजले. अट्ठकथेची परंपरा सांगते की तिने स्वतःचा मुलगा नंद दाईकडे सोपवला आणि बहिणीच्या बाळाला स्वतः दूध दिले. पुढे मज्झिम निकायातल्या दक्खिणाविभंग सुत्तात आनंद तथागतांना गोतमीच्या याच उपकाराची आठवण करून देतात. ज्या स्त्रीने पाचशे शाक्य स्त्रियांसह चालत जाऊन भिक्खुनी संघाचा हक्क मागितला, तिची ओळख सुत्तात 'दूध पाजणारी' अशीही आहे. पाजणारी आई आणि हक्क मागणारी स्त्री ही दोन वेगळी माणसे नाहीत, हे आपण तिच्याकडून शिकायला हवे.

विनयात आणखी एक प्रसंग आहे, जो आपल्या प्रवचनांत फारसा येत नाही. एक स्त्री प्रव्रजित झाली तेव्हा गर्भवती होती आणि संघात असताना तिला मूल झाले. आता काय करायचे, हा प्रश्न तथागतांसमोर आला. मूल समजते होईपर्यंत तिने त्याचा सांभाळ करावा, अशी अनुज्ञा त्यांनी दिली. आणि ती एकटी कशी राहील, असा पुढचा प्रश्न आला तेव्हा दुसरी एक भिक्खुनी तिची सोबतीण म्हणून नेमावी असे सांगितले. हा नियम मुलाच्या सांभाळाबद्दल आहे, केवळ दुधाबद्दल नाही. पण त्यातली दृष्टी पाहा. महिन्यांची मुदत घातलेली नाही, मुलाची समज हे माप आहे. आणि आईला बाहेरच्या पायरीवर बसवलेले नाही, तिला सोबत दिली आहे. पाजत्या आईला भिक्खुनीची उपसंपदा देऊ नये असाही नियम विनयात आहे, म्हणजे तान्ह्या मुलाच्या गरजेचा विचार संघाने दोन्ही बाजूंनी केला होता.

अडीच हजार वर्षांपूर्वी संघाला जे सुचले ते आमच्या विहाराला त्या रविवारी सुचले नाही.

बाबासाहेबांचा युक्तिवाद आणि कायदा थांबतो ती जागा

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे केवळ तिच्या नव्हे तर राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे आणि स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवणारा मालकही जबाबदारीतून सुटू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात त्यांनी सुधारणा घडवून आणल्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडला, तोही याच विचाराचा भाग होता. मूल कधी व्हावे आणि झालेल्या मुलासाठी आईला वेळ कसा मिळावा, हे दोन्ही स्त्रीच्या हक्काचे प्रश्न आहेत.

हे त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हते. माता रमाईंच्या पाच मुलांपैकी फक्त यशवंत जगले. गरिबीत बाळ वाचवणे म्हणजे काय, हे त्या घराने भोगले होते.

आजची स्थिती काय आहे? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विश्रांती घेण्याचा हक्क आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिले पाहिजे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. आपल्या किती जणींना हे माहीत आहे? आम्ही विचारले तेव्हा पाजण्याच्या विश्रांतीबद्दल एकीलाही कल्पना नव्हती.

आणि हे झाले नोकरदार बायकांचे. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, धुणीभांडी, कचरावेचक, शेतमजुरी या कामांत आपल्या समाजातल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. तिथे ना रजा, ना विश्रांती, ना पाळणाघर. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर ती सांभाळायला एका बाईची नेमणूक करण्याची तरतूद केली गेली. पण साखर कारखान्याच्या फडात किंवा कंत्राटदाराच्या साइटवर मुलांकडे कोण पाहते? अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार अंगणवाडीतून आईला मिळणारा मोफत आहारही प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंतच आहे. सरकार सांगते दोन वर्षे पाजा, आईच्या ताटाचा हिशेब मात्र सहा महिन्यांत बंद होतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. या आयांकडून आपण दूध मागतो आहोत.

दुसरीकडे बाजार टपून बसला आहे. १९९२ चा शिशु दुग्धपर्याय कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यामुळे दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दूध पावडर, बाटल्या आणि शिशुआहाराची जाहिरात करता येत नाही. पण दोन वर्षांवरच्या मुलांसाठी उंची आणि बुद्धी वाढवण्याची आश्वासने देणाऱ्या डब्यांच्या जाहिराती घरोघरी पोहोचतात. आईच्या दुधाची लाज वाटायला लावायची आणि मग डबा विकायचा, असा हा व्यवहार आहे. त्या डब्याच्या पैशात घरातल्या दोघांनाही, आईला आणि मुलाला, अंडी, डाळ आणि फळे मिळू शकतात.

पाजणे ही सक्ती नाही

इथे आम्हाला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मूल मोठे होईपर्यंत पाजणारी आई थोर आणि लवकर थांबणारी आई कमी, असे आम्ही म्हणत नाही. काहींना दूध कमी येते, काही आजारी असतात, काहींना कामामुळे शक्य होत नाही, काहींना नको असते. काही मुले दत्तक आलेली असतात, काही आजीने किंवा बापाने वाढवलेली असतात. त्यांच्यावर बोट ठेवणे हे त्या मावशींच्या प्रश्नाचेच दुसरे रूप ठरेल. मातृत्वाचे गोडवे गाऊन बाईला चुलीपाशी बांधून ठेवण्याची रीत मनुवादी व्यवस्थेची आहे, आपली नाही. पाजावे की नाही, किती काळ पाजावे, कधी थांबावे हे आई आणि मूल ठरवतील. समाजाचे काम आहे तिला वेळ, अन्न, जागा आणि खरी माहिती देण्याचे.

आणि थांबायचे ठरलेच तर तेही मायेने होऊ शकते. स्तनाला मिरची, कडुलिंब किंवा कोरफड लावणे, मुलाला अचानक दुसऱ्या गावी पाठवणे, "बाऊ आलाय" म्हणून घाबरवणे हे प्रकार सोडून द्यावेत. हळूहळू एकेक वेळ कमी करावी. आधी दुपारची, मग संध्याकाळची, शेवटी रात्रीची. स्वतःहून देऊ नये, मागितले तर नाकारूही नये, असे काही दिवस करावे. त्या वेळी गोष्ट सांगावी, बाहेर फिरवून आणावे, रात्री बापाने किंवा आजीने थोपटून झोपवावे. मूल आजारी असताना किंवा घरात दुसरे बाळ आल्याच्या आठवड्यात सुरुवात करू नये. छाती दगडासारखी झाली तर आराम वाटेल इतकेच दूध हाताने पिळून काढावे. गाठ लाल, गरम झाली आणि ताप आला तर दवाखान्यात जावे.

आपण काय करू शकतो

महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत 'हिरकणी कक्ष' आहेत. घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव त्यांना दिले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपले तान्हे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात असा कक्ष सुरू झाला. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईत त्याच सोयीतल्या धुळीची तक्रार त्यांना करावी लागली. आमदाराची ही गत, तर आपल्या वस्तीतल्या ताईची काय असेल? म्हणून सरकारकडे बोट दाखवताना आपल्या घरापासून सुरुवात करू.

विहार समितीने एका कोपऱ्यात चटई, पंखा, पिण्याचे पाणी आणि हवा असेल तर पडदा ठेवावा. पण तो कोपरा सक्तीचा नसावा. ज्या आईला सभागृहातच बसून पाजायचे आहे तिला तिथेच बसू द्यावे, आणि हे कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच जाहीर करावे. जाहीर सांगितले की कुजबुज आपोआप थांबते.

भीमजयंतीला, दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि त्यांत कडेवर मुले घेतलेल्या हजारो आया असतात. आपण पाणी, जेवण, औषध यांचे स्टॉल लावतो. त्याच मांडवात पाजणाऱ्या आयांसाठी सावली, बसायला जागा आणि पिण्याचे पाणी ठेवायला फारसा खर्च येत नाही. यंदा आपल्या मंडळाच्या बैठकीत हा मुद्दा मांडा.

संघटनेच्या बैठका रात्री नऊला सुरू करून बारापर्यंत चालवू नका. बायका येत नाहीत अशी तक्रार करण्याआधी बैठकीची वेळ बदलून पाहा. बैठकीत मूल रडले तर आईने उठून जाण्याऐवजी एखाद्या भावाने त्या मुलाला उचलून घ्यावे.

कामाच्या ठिकाणी पाजण्याची विश्रांती आणि पाळणाघर याबद्दल आपल्या संघटनेतून, युनियनमधून विचारणा करा. कायद्यातली तरतूद कागदावर छापून वस्तीच्या फलकावर लावा. आशाताईला विहारात बोलावून सासू, सुना, नवरे अशा सगळ्यांसमोर एक सत्र घ्या. नवऱ्यांनी यावेच, कारण पाजणाऱ्या बाईचे जेवण, झोप आणि घरकामातली वाटणी त्यांच्या हातात असते. मुलीचे दूध लवकर तोडले जाते आहे असे दिसले तर त्या घरात जाऊन बोला. आणि आईच्या मोफत आहाराची मुदत सहा महिन्यांवरून दोन वर्षे करावी, ही मागणी आपल्या निवेदनांत आता आली पाहिजे.

त्या प्रसंगानंतर काही आठवड्यांनी आम्ही त्या ताईच्या घरी गेलो आणि तिची माफी मागितली. ती हसली. म्हणाली, "माफीचं राहू द्या. पुढच्या वेळी पंख्याखाली जागा ठेवा." आता विहारात मागच्या भिंतीजवळ एक पंखा आणि दोन चटया आहेत. गेल्या रविवारी तिथे तिघी बसल्या होत्या. त्यातली एक मूल मांडीवर घेऊन प्रवचन ऐकत होती आणि शेजारी त्याच मावशी तिच्या मोठ्या मुलीला खेळवत होत्या.

जय भीम. नमो बुद्धाय.